क्राकोवचा चौक आणि दादाचं पायताण

ओटावा, ४ डिसेंबर २०१६

दादा,

'तीर्थरूप' असं लिहिलं होतं. मग खोडलं. तू म्हणाला असतास, एवढा मान कधीपासून द्यायला लागलास रे. तेव्हा नुसतंच दादा.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर निळ्या रेघा उमटतात, म्हणजे वाचतोस, पण उत्तर नाही. म्हणून हा कागद. उभं आयुष्य पोस्टात काढलेला माणूस आलेलं पत्र न फोडता टाकून देणार नाही, एवढी खात्री आहे. वाचून टाकून दिलंस तर तो तुझा अधिकार.

क्राकोवहून परतून दोन महिने होत आले. माझी जुन्या वास्तूंची परिषद, माझी माणसं, माझी धावपळ, यात तुला तो चौक मी धड दाखवलाच नाही. तुला एवढ्या हौसेने पोलंडला बोलावलं. आपले अण्णा लहानपणी, महायुद्धाच्या काळात, वळिवड्याच्या छावणीत पोलिश निर्वासितांना दूध घालायला जायचे, तेव्हापासून आपल्या घरात पोलंड म्हणजे जणू पलीकडची गल्ली. आणि तुला तिथं नेऊन मी काय केलं, तर हॉटेलची किल्ली हातात दिली. तो चौक दाखवायचा राहिला म्हणून आज लिहितो, दुसरं काही नाही.

तर ऐक. १२४१ साली तार्तरांनी ते गाव जाळलं. उरलेल्यांनी पुढे नवा आराखडा केला, १२५७ मध्ये. मधोमध चौक, दोरी लावून आखल्यासारखा चौरस, एकेक बाजू दोनशे मीटर. आपले बिंदू चौक त्यात किती मावतील ते तूच बघ. बाजूंनी रस्ते फुटतात आणि मध्ये ती लांबच लांब कापडपेठ. सोळाव्या शतकात ती जळाली, तेव्हा नव्याने बांधताना वर नक्षीची उंच भिंत चढवली आणि तिच्यावर वाकुल्या दाखवणारी दगडी तोंडं बसवली. तू एका तोंडाकडे बोट करून म्हणाला होतास, "नंद्या, ह्यो तर आपला हेडमास्तर!" मी हसलो नव्हतो. आत्ता हसतोय.

आणि कोपऱ्यातलं ते ठेंगणं चर्च, तुला आवडलेलं. ते तिरकं का, असं तू विचारलंस आणि मी घड्याळ बघत होतो. चौक आखायच्या आधीपासून ते तिथं आहे. आखणाऱ्यांनी ते पाडलं नाही आणि चौकाच्या रेषेत आणायचा प्रयत्नही केला नाही. पुढे शतकानुशतकं भराव पडत गेला, चौकाची फरसबंदी वर चढली आणि चर्चची जुनी जमीन खाली राहिली. इकडे ओटावात दीडशे वर्षांची भिंत दिसली तरी आम्ही टोपी काढतो. पुढच्या वर्षी अख्ख्या देशालाच दीडशे वर्षं होणार म्हणून आत्तापासून पताका लागल्यात. असो.

मुख्य गोष्ट. गुंजनचं लग्न ठरलं. मुलगा शौनक, इकडच्याच विंडसरचा, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, आईवडील नागपूरकडचे. जूनच्या शेवटी इथंच ओटावात करायचं म्हणतात. कन्यादान म्हटल्यावर पोरगी आधी फिस्कारली, "आय ॲम नॉट अ थिंग, बाबा." मग स्वतःच म्हणाली, "काका-काकू बसणार असतील तर चालेल." नीलिमा गेल्यावर मी एकटा पाटावर बसू शकत नाही हे तिला कोणीतरी सांगितलंय, पण तिला तुम्हीच हवे आहात ते त्यासाठी नाही. लहानपणीच्या सगळ्या मोठ्या सुट्ट्या तिने तुमच्या अंगणात काढल्यात.

तेव्हा तू आणि वहिनी या. व्हिसाची कागदपत्रं मी पाठवतो. त्या सकाळी चौकात जे झालं ते गडबडीत झालं. ते मोठं करायचं काही कारण नाही.

तुझा,
नंदन


ओटावा, २२ जानेवारी २०१७

दादा,

उत्तर नाही. पत्र पोचलं हे वहिनीकडून कळलं. ती म्हणाली, "ह्यांनी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं." मी विचारलं, "काही बोलला?" तर म्हणे, "भूक नाही म्हणाले." दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीसारखा जेवलास म्हणे, तेवढं बरं वाटलं.

इथं थंडीने कहर केलाय. सकाळी ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसून आलो, नाकातला श्वास गोठतो. कपाटात तू घेऊन दिलेल्या त्या मेंढीच्या कातड्याच्या सपाता आहेत. आत लोकर, वर पिवळसर चामडं, कडेला लाल दोरा. मी अजून घातल्या नाहीत. रोज कपाट उघडतो आणि दुसरंच काहीतरी घेऊन बंद करतो.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. चौकातल्या मोठ्या चर्चला दोन मनोरे आहेत, एक उंच, एक बुटका. तिथली दंतकथा अशी, की दोन भाऊ एकेक मनोरा बांधत होते. थोरल्याचा उंच झाला. धाकट्याचा त्याहून उंच होईल या भीतीने त्याने सुरा काढला आणि धाकट्याला मारलं. पुढे पस्तावला आणि स्वतःही मेला. तो सुरा म्हणून एक सुरा अजून कापडपेठेच्या वाटेत टांगलाय. अभ्यासक म्हणतात, छे, तो चोरांना धाक म्हणून लावलेला. मी परिषदेत नेहमी अभ्यासकांच्या बाजूने बोलतो. पण त्या भावांच्या गोष्टीत निदान थोरला दोषी होता. आपल्यात ते उलटं आहे, आणि म्हणून मी गाळली.

आता त्या सकाळचं. तू माझ्यावर रागावलास ते चूक नाही, पण तुला पूर्ण माहिती नाही. माझा चष्मा त्या दिवशी हॉटेलवर राहिला होता. लांबचं मला नीट दिसत नाही हे तुला माहीत आहे. तू माकडटोपी घातलेली, कानाला मफलर, तोंड निम्मं झाकलेलं. समोर एकदम कोणीतरी आलं, मागे माझी वीस माणसं उभी. मी बोलण्याच्या नादात होतो. माणसाची गफलत होते.

गुंजन रोज विचारते, काकांचं तिकीट काढलं का. तिला मी सांगतो, काढतोय. आता तूच सांग, काय सांगू?

नंदन


ओटावा, ५ मार्च २०१७

दादा,

आज गुंजन जेवायला आली. ती कनाटात राहते, इथल्या उपनगरात, रविवारी माझ्याकडे येते, वरण-भात खाते आणि माझा फ्रिज बघून नाक मुरडते. आज बसल्या बसल्या डोळे पुसायला लागली. "बाबा, काकांचा फोन आला होता. त्यांना हार्टचा प्रॉब्लेम आहे. डॉक्टरने फ्लाय करायला नको सांगितलंय. तुला माहीत होतं? व्हाय डिडन्ट यू टेल मी?"

ती उठून मैत्रिणीच्या वडिलांना फोन लावायला लागली, ते लंडनला, म्हणजे इथल्या ऑन्टारिओतल्या लंडनला, हृदयाचे डॉक्टर होते, आता रिटायर. काकांचे रिपोर्ट मागवते म्हणाली. मी तिला थांबवलं आणि बाहेर गॅरेजमध्ये जाऊन वहिनीला फोन केला. तिकडे पहाट झाली होती. वहिनी म्हणाली, "भावजी, काय बोलताय? ह्यांना काय धाड भरलीय? आत्ताच पंचगंगेवर चालायला गेलेत." मग म्हणाली, "तुमचं दोघांचं काय बिनसलंय, मला कुणीच सांगत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, नंद्याला कामं असतात."

म्हणजे तू वहिनीलाही सांगितलं नाहीस. आणि पोरीने बापाला विचारू नये म्हणून स्वतःच्या छातीत दुखणं घेतलंस.

मी गॅरेजमधून आत आलो तेव्हा खरं सांगायला तोंड उघडलं होतं. गुंजन म्हणाली, "काय म्हणाली काकू?" आणि मी म्हणालो, "फार काळजीचं नाही, पण प्रवास नको म्हणतात." दादा, मी असं म्हणालो. तू माझ्यासाठी जे खोटं बोललास त्याला मी साक्ष दिली, वर हक्काने वरण वाढून घेतलं. ती म्हणाली, मग काकांना त्रास नको, आपण व्हिडिओ कॉलवर दाखवू त्यांना लग्न. तुला टॅबलेटच्या चौकटीत उभं करणार माझ्या पोरीच्या लग्नात, आणि तू तिथूनही आशीर्वाद देशील, तुझं काय सांगावं.

आणि आणखी एक. चष्म्याचं खोटं होतं. चष्मा माझ्या नाकावर होता.

नंदन


ओटावा, १९ मार्च २०१७

दादा,

आज सगळं लिहितो. तुला सगळं माहीत आहे, तू तिथं होतास. तरी माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असू दे.

आदल्या रात्री जेवताना मी तुला म्हणालो होतो, "उद्या सकाळी चौकात माझं बोलणं आहे, तू तुझा तुझा फीर, दुपारी भेटू." तू म्हणालास, "मी मागं हुबा ऱ्हातो की गप. तू विंग्रजीत कसा बोलतोस बघू दे तरी." मी म्हणालो, तिथं फक्त परिषदेचे लोक असतात. तसं काही नव्हतं. तो उघडा चौक आहे, कबुतरंसुद्धा ऐकत होती. माझी डायरेक्टर हेलन, टोरंटोचे दोघेतिघे, पोलिश प्राध्यापक, या सगळ्यांत तू माकडटोपी घालून उभा राहशील आणि मधेच "वा रं नंद्या!" म्हणशील, याची मला लाज वाटत होती. म्हणजे जे झालं ते त्या सकाळी एकदम झालं नाही. मी आदल्या रात्रीपासून तुझा भाऊ नव्हतो.

सकाळी तू मोठ्या चर्चमध्ये गेलास. देवाचं घर म्हणून बाहेर पायरीवर बूट काढून ठेवलेस. आदल्या दिवशी मी तुला सांगितलं होतं की इथं कोणी काढत नाही. तू म्हणालास, "त्यास्नी चालत असंल. आपल्याला न्हाई चालत." आत हात जोडलेस, बाहेर आलास, तर बूट नाहीत. कोणी उचलले कोण जाणे. सहलीसाठी घेतलेले नवे कोरे बूट.

मी तेव्हा नगरभवनाच्या मनोऱ्यापाशी उभा होतो, ते दोन दगडी सिंह आहेत तिथं. सांगत होतो की हा मनोरा एकटा का. इथं पूर्वी अख्खं नगरभवन होतं, १८२० साली मोडकळीला आलं म्हणून पाडलं आणि हा तेवढा ठेवला. तोही कललेला आहे, वाऱ्याच्या तडाख्याने, अर्ध्या मीटरहून जास्त. आणि तू चौक ओलांडून आलास. मोज्यांवर. करड्या मोज्यांचे तळवे भिजलेले, कारण पहाटे पाऊस झाला होता. हातात ती पिशवी, कोल्हापूरहून आणलेल्या गुळाची, कोणीतरी म्हातारं पोलिश माणूस भेटलं तर द्यायची म्हणून. आणि तू लांबूनच ओरडलास, "आरं नंद्या, माझं पायताण ग्येलं की रं!"

सगळे वळले. हेलनने विचारलं, "नंदन, इज ही विथ यू?"

मी म्हणालो, "नो, नो. सम टूर ग्रुप, आय थिंक."

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. तुझ्याकडे वळलो, तुझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "सर, युवर ग्रुप इज ओव्हर देअर."

सर. ज्याने मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं त्याला मी सर म्हणालो, इंग्रजीत. बोट करून रस्ता दाखवला.

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता ओरडशील, कानाखाली ओढशील. ओढली असतीस तर मी वाचलो असतो. तू म्हणालास, "थँक यू, सर." स्पष्ट, पोस्टातल्या खिडकीवर बोलायचास तसं. आणि वळून गेलास. मागे कोणीतरी म्हणालं, "पुअर मॅन." मी पुढचं वाक्य सुरू केलं. दादा, मला ते वाक्य आठवतं. ते मनोऱ्याच्या पायाबद्दल होतं.

बोलता बोलता मी तुला बघत होतो. फुलांच्या दुकानांपाशी एका जाड्या बाईने तुला हाक मारली, स्वतःच्या स्टुलावर बसवलं, पायाखाली पुठ्ठा घातला. तू पिशवी उघडून तिला गूळ दिलास. तिने चाखला आणि दुसरीला बोलावलं. तुम्ही काय बोललात, कुठल्या भाषेत, मला माहीत नाही. तुम्ही हसत होतात. अण्णांचं दूध ज्यांच्या पोटात गेलं त्यांतल्या कोणाची ती नात असेल असं तुझ्या मनात आलं असणार. मी वीस लोकांना त्या चौकाचा इतिहास सांगत होतो.

संध्याकाळी हॉटेलवर आलास तेव्हा पायात त्या कातडी सपाता होत्या, कापडपेठेतल्या. मी काही बोलायच्या आत तू दुसरा जोड माझ्यासमोर ठेवलास. "तुला बी घेटला. तिकडं थंडी लई." एवढंच बोललास. सकाळचं काही नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी तुझ्या पाया पडलो नाही. हेलन रांगेत होती.

मला वाटलं, तू काही बोलला नाहीस म्हणजे झालं, मिटलं. मी आपला सुटलो म्हणून झोपलोसुद्धा विमानात. मुंबईला उतरल्यावर फोन करशील असं वाटलं होतं. तो आलाच नाही, तेव्हा कुठे मला कळायला लागलं.

आता आजचं. सकाळी गुंजनला घेऊन मी बायवर्ड मार्केटला गेलो. हा आमचा इथला बाजार, क्राकोवपुढे पोरखेळ, पण पोरीला आवडतो. बर्फाच्या चिखलातून चालत होतो. ती म्हणाली, काकांसाठी मोठा स्क्रीन भाड्याने घेऊ, म्हणजे त्यांना होम वगैरे नीट दिसेल. तिथं रस्त्यात उभं राहून मी तिला सांगितलं. सगळं. 'सर'सकट.

ती म्हणाली, "तू काकांना सर म्हणालास?"

"हो."

"अँड ही सेड थँक यू?"

"हो."

"आणि हार्टचं?"

"खोटं आहे. माझ्यासाठी बोलला तो."

"अँड यू न्यू. मी रडत होते आणि तू वरण खात होतास. यू न्यू."

मी मान हलवली. ती म्हणाली, "मी बसने जाते." मी म्हणालो, थंडी आहे, मी सोडतो. ती म्हणाली, "डोन्ट." आणि गेली. ती वळली तेव्हा तिचा चेहरा अगदी नीलिमासारखा झाला होता, आणि नीलिमा असती तर मी हे तिला कसं सांगितलं असतं, हेच माझ्या डोक्यात चाललंय. ती तुला वाढल्याशिवाय मला वाढायची नाही.

मला तुझी क्षमा मागायची नाही, म्हणजे मागायची आहे, पण तोंड नाही. मला लाज वाटते. चाळीस वर्षं मी जुन्या भिंती जपायचं शिकलो आणि शिकवलं. एवढं लिहून पुरे करतो.

नंदन


ओटावा, ३० एप्रिल २०१७

दादा,

कालव्यावरचं बर्फ कधीच वितळलं, बागांमध्ये ट्यूलिपची पानं वर आलीत. गुंजन सहा आठवडे माझ्याशी बोलली नाही. काल आली. कोट काढला नाही, दारातच उभी राहिली.

तुझ्याशी तिचं बोलणं झालं हे तिच्याकडून कळलं. तिने तुला सरळ विचारलं, आणि तू म्हणालास, "त्याला काय बोलू नगंस. त्याचं हापिसातलं लोक हुतं. माणूस भांबावतो." दादा, तू पुन्हा माझी बाजू घेतलीस. ती म्हणाली, त्या वाक्यावर ती आणखी चिडली, तुझ्यावरसुद्धा. तुला म्हणे तिने सुनावलं, "काका, स्टॉप प्रोटेक्टिंग हिम." पोरगी माझ्यापेक्षा तुझ्यावर गेलीय असं मला नेहमी वाटायचं. ते खरं आहे की नाही माहीत नाही, पण खरं बोलायला ती कचरत नाही.

मग ती म्हणाली, जूनचं ओटावातलं लग्न रद्द. हॉलवाल्याला, भटजींना, शौनकच्या घरी, सगळ्यांना तिनेच सांगितलं. लग्न डिसेंबरात कोल्हापूरला, तुझ्या अंगणात मांडव घालून. "काका इथे यायला तयार नव्हते. मग मी तिकडे जाते. मी त्यांच्या घरातून निघेन." शौनकचे आईवडील हरखले म्हणे, त्यांच्या नागपूरच्या नातेवाइकांना येता येईल. तू हो म्हणालास. वहिनीने मांडववाल्याला आगाऊ सांगूनही ठेवलंय. मला सगळं सगळ्यांच्या नंतर कळतंय, आणि तक्रार करायला मला जागा नाही.

मी विचारलं, "मी कधीची तिकिटं काढू?"

ती म्हणाली, "बाबा, ते मला नको विचारू. इट्स काका'ज हाउस. तुला बोलवायचं की नाही ते काका ठरवतील."

मी म्हणालो, "अगं, मी तुझा बाप आहे." तोंडातून निघून गेलं. ती दार ओढून घेऊन गेली, हळूच, आपटलं नाही. मी खिडकीतून तिची गाडी वळेपर्यंत बघत होतो.

तेव्हापासून कागद घेऊन बसलोय. तीन वेळा लिहून फाडलं. एकात मी तुला हक्क सांगितला होता, एकात नीलिमाची शपथ घातली होती, एकात पुन्हा चौकाचा इतिहास सुरू केला होता. तो फाडताना मला हसू आलं आणि मग बराच वेळ डोळे वाहत राहिले.

दादा, मी माझ्या मुलीच्या लग्नाला येऊ का?

पुढे बसायला मागत नाही. पाटावर तू आणि वहिनी बसाल, ते तुमचंच आहे. पंगतीला वाढपी लागतील, पाणी वाढायला लागेल, शौनककडचे पाहुणे स्टेशनवरून आणायला कोणीतरी लागेल. मला ते येतं. नाही म्हणालास तर त्या दिवशी मी इथं ओटावात असेन, आणि गुंजनला त्यावरून काही बोलणार नाही.

आणि ये म्हणालास तर मला एवढं माहीत आहे की अख्खी गल्ली येईल, पोस्टातले तुझे जुने लोक येतील, आणि नातेवाइकांच्या नव्या सुना, ज्यांनी मला कधी बघितलेलं नाही. त्यांतलं कोणीतरी माझ्याकडे बोट करून तुला विचारेल, दादासाहेब, हे कोण? तू मला ओळखतोस की नाही ते तेव्हा तू तुला वाटेल तसं सांग. मी शेजारीच पाण्याचा जग घेऊन उभा असेन, आणि तू जे म्हणशील ते मी सगळ्यांदेखत ऐकून घेईन.

नंद्या